काकांच्या भिंतीतला चार्जर

ज्या वस्तूला डोळे नाहीत तिच्यावर काकांचा भरवसा नसायचा. पेणला त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा जिन्याखालच्या पाण्याच्या मोटारीवर मला दोन डोळे दिसले. चांगले लांब, पाणीदार, पापण्यांसकट. मग गॅसच्या सिलिंडरवर दिसले. मीटरच्या फळीवर दिसले. त्यांच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या दिव्याखालीही दिसले. मी विचारलं, "काका, हे काय?"

"बघतात ती," काका म्हणाले. "बघत असली म्हणजे नीट वागतात. तुझ्या खोलीतल्या पंख्याला पण काढणार व्हतो. पण तो फिरतो गो. चक्कर येईल त्याला."

हे ते हसून म्हणाले नाहीत. काका हसायचे क्वचितच, आणि हसले तर दुसऱ्याची फजिती झाल्यावर.

काका म्हणजे माझे नात्याचे कोणी नव्हेत. घरमालक. मूळचे हमरापूरचे, आणि आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, गणपतीचे डोळे आखायचे. आमच्या भागात मूर्तीचं अंग एक जण करतो, रंग दुसरा देतो आणि सगळं झाल्यावर आखणीला वेगळा माणूस येतो. तो कारखान्यात शिरला की पोरं रेडिओ बंद करतात. काका म्हणायचे, "डोळे आखायच्या आधी ती माती असते. तिच्यासमोर शिव्या दिल्या तरी चालतात. आखल्यावर नाय."

त्यांचा एक नियम होता. एक डोळा आखला की दुसरा होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. त्यांच्या मुलीने मला सांगितलेली गोष्ट आहे. तिला बघायला पाहुणे आले त्या दिवशी काका खालच्या पडवीत एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा संपवून उजव्याला हात घालत होते. पाहुण्यांना चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. शेवटी मुलाचे वडील स्वतःच उठून पडवीत येऊन उभे राहिले. काकांनी मान वर केली नाही. उजव्या डोळ्याची शेवटची पापणी ओढली, ब्रश कानावर अडकवला आणि विचारलं, "मुलगी पसंत हाय का?" त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मुलगी बघून झाली. तुमचं तोंड तेवढं बघायचं राहिलं होतं." लग्न जमलं. मुलगी नाशिकला गेली. काकांची बायको त्याआधीच गेलेली. मी राहायला आले तेव्हा घरात ते एकटेच होते आणि हे सगळे डोळे.

मी खारेपाटातली. बाप मिठागरावर मजुरी करायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेली अजून तरी एकटीच. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवायलाही मला कोणाची परवानगी लागत नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. शिफ्ट बदलती. पॅसेंजर गाडी कासूला सिग्नलसाठी उभी राहिली की माझा जीव वर-खाली व्हायचा. एस.टी.ने जावं तर महामार्गाचं काम, जे मी नोकरीला लागल्यापासून चालू आहे आणि बहुधा मी निवृत्त होईपर्यंत चालेल. ड्यूटीपेक्षा जाण्या-येण्याने माणूस जास्त दमतो, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

तेव्हा कंपनीने योजना आणली. इलेक्ट्रिक गाडी, लीजवर. एच.आर.च्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. आगाऊ फक्त थोडं डिपॉझिट, हप्ता पगारातूनच कापणार, करात सवलत, विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं, पेट्रोलचा प्रश्नच नाही. ज्यांच्या घरात आधी गाडी होती त्यांनी प्रश्न विचारले. मी विचारले नाहीत. मला कळत नव्हतं म्हणून नव्हे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच गाडी येणार असते, त्याला विचारायचं काय हेच ठाऊक नसतं. त्याला फक्त हप्ता ऐकू येतो. मलाही हप्ताच ऐकू आला, आणि तो मला परवडत होता.

अडलं ते चार्जरपाशी. गाडी घरी चार्ज करायची तर भिंतीत पेटी बसवावी लागते, मीटरचा लोड वाढवावा लागतो आणि भाडेकरू असेल तर घरमालकाची ना हरकत लागते. मी पेढे घेऊन खाली गेले.

"गाडी घेतेस व्हय!" काका पेढा तोंडात टाकत म्हणाले. "खारेपाटात पहिली गाडी असंल बाईमाणसाची."

"घेत नाही काका. लीजवर आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे भाड्याने. मुदतभर वापरायची, महिन्याला पैसे द्यायचे, मुदत संपली की परत."

"आणि दिलेले पैसे?"

"ते वापराचे. परत मिळत नाहीत."

काकांनी दुसरा पेढा उचललेला परत ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तू साचा आणलास गो."

पेणजवळच्या जोह्याला, हमरापूरला लहान कारखानदार मोठ्या मूर्तीचा साचा विकत घेत नाहीत. एका हंगामापुरता भाड्याने आणतात, जमतील तेवढ्या मूर्ती काढतात आणि परत करतात. साचा देणारा परत घेताना त्याच्या आतून बोट फिरवतो. नाकाचा शेंडा झिजलेला असला, कानाची कड तुटलेली असली तर भांडण ठरलेलं. मला हे माहीत होतं, पण गाडीला लावून मी कधी बघितलं नव्हतं.

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

"साचा आणायला हरकत नाय. पण साच्याच्या पाठीवर संसार नाय करायचा. मूर्ती किती निघणार ते बघायचं." मग एकदम आवाज चढवून, "आणि घर भाड्याचं, गाडी भाड्याची, मग भोक तेवढं माझ्या भिंतीला कशाला?"

"पेटी तुमच्याकडेच राहील काका. माझ्या खर्चाने."

"आणि मी ती काय करू? त्यात गाय बांधू?"

तरी सही त्यांनी केली. मात्र त्याआधी रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून माझी उलटतपासणी घेतली. त्यातले बरेच प्रश्न त्यांच्यासारखेच होते. गाडीला कुत्र्याने चावा घेतला तर कोण भरणार? पुरात वाहून वाशी खाडीला लागली तर? गाडी चोरीला गेली आणि चोराने हप्ता भरला तर गाडी कोणाची? मी हसले की रागवायचे. पण त्यांना उत्तरं द्यायला म्हणून मी करार नीट वाचला आणि माझे प्रश्न मीच काढले. त्यातून कळलं ते सांगते, कारण पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

हप्ता म्हणजे खर्च नव्हे. हप्ता हा खर्चाचा फक्त दर्शनी भाग. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याला मर्यादा असते आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे. मी पेण-रोहा धरलं होतं, रविवारी घरी जाणं धरलंच नव्हतं. विमा त्यांचा असला तरी ठोकली तर दुरुस्तीच्या खर्चाचा पहिला तुकडा आपलाच. टायर त्यात बसत नाहीत, आणि आमच्या रस्त्यांना टायर हे खाणं आहे. नोकरी सोडली तर गाडीही सोडायची, वर मध्येच सोडल्याचा दंड. चार्जर, वायर, अर्थिंग, वाढीव लोड हे सगळं आपल्या खिशातून, आणि ते दुसऱ्याच्या भिंतीत राहतं. शेवटी विकत घ्यायची मुभा असते, पण ती किंमत तेव्हा जड वाटते. आणि परत देताना गाडी तपासतात. रोजच्या वापराची झीज माफ, नुकसान नाही. झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं, ते ठरवणारा माणूस त्यांचा.

हे सगळं समजून मी सही केली. मला कोणी फसवलं नाही. मला गाडी हवी होती.

गाडी आली. मोतिया पांढरा रंग. आळीत शिरली तर कोणाला आवाजच नाही. काकांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली तेव्हा ते नळाशी तोंड धूत होते. वळले आणि दचकून म्हणाले, "ही काय गो, भुतासारखी! खाकरायला तरी शिकव तिला."

मी म्हटलं, "डोळे काढा मग."

गंमत म्हणून म्हटलं होतं. काका गंभीर झाले. "साच्याला डोळे नाय काढत. मूर्तीला काढतात. ही परत जाणार."

"बाप्पा पण परतच जातो की. कोणाकडे दीड दिवसात."

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर भिंतीतल्या चार्जरच्या पेटीवर डोळे होते. काका म्हणाले, "ही माझ्याकडं राहणार ना? मग हिला काढले."

मी चार्जिंगची वायर हातात घेऊन बघत राहिले. उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. थोडासाच. पण काकांच्या हाताचा डोळा कधी थोडासाही उतरत नसे. मग माझ्या ध्यानात एकेक गोष्ट येत गेली. काका हल्ली चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. उजव्या हातावर कायम टॉवेल टाकून बसायचे. आणि श्रावण सरत आला तरी पडवीत मूर्ती आल्या नव्हत्या. आळीतल्या एकीने सांगितलं, जोह्याच्या कारखान्याने त्यांनी आखलेल्या मूर्ती गुपचूप पुसून दुसऱ्याकडून आखून घेतल्या होत्या. काकांना कोणी तोंडावर बोललं नाही. नुसतं बोलावणं बंद केलं.

काकांनीही मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. "यंदा मूर्ती नाहीत का?" असं एकदा तोंडातून गेलं तेव्हा म्हणाले, "हल्लीच्या मूर्तींना डोळे नकोत, गॉगल पायजेत."

गावी गाडी घेऊन गेले तेव्हा आत्या पुढे आली. गाडीभोवती फिरली. "तुझी काय गो ही?"

"लीजवर आहे आत्या. भाड्याची."

"भाड्याची व्हय? मग नारळ कोण फोडणार? कंपनी?"

सगळे हसले. मीही हसले. नारळ आत्यानेच फोडला, तोही माझ्या डोक्यावर ओवाळून, गाडीवर नाही. मी दार उघडून "बसा" म्हटलं, तर बाप मागे गेला, रांजणातल्या पाण्याने पाय धुतले, पंच्याने पुसले आणि मग बसला. मिठागरावर उभा जन्म काढलेले पाय ते, भेगाळलेले. भाड्याच्या गाडीत मातीचा डाग पडू नये म्हणून धुतले, की लेकीच्या गाडीत बसायचं म्हणून धुतले, मला माहीत नाही. त्या एका फेरीसाठी मी पुढचे सगळे हप्ते भरले असते. आणि भरलेच.

पहिलं कौतुक सरलं आणि मग नुसतं चालवणं राहिलं. वीज गेली की सकाळी अर्ध्या चार्जवर निघायचं आणि एसी बंद ठेवून घामाघूम होत रोहा गाठायचं. टायर एकदा नव्हे, परत परत. किलोमीटर मी म्हटले होते त्याच्या पुढे पळाले, कारण आईचा दवाखाना लागला. पगाराची स्लिप आली की मी आधी खालचा आकडा बघायचे, वरचा बघणं सोडून दिलं होतं. गाडी वाईट नव्हती. मीच दमले होते. ओट्यावर काका विचारायचे, "काय गो, किती मूर्ती निघाल्या साच्यातनं?" मी म्हणायचे, "अजून एकच." बाप बसला होता ती.

त्या करारातल्या शेवटच्या गणपतीच्या आधी काकांना एक मूर्ती आली. रोह्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकाच मापाचा गणपती. त्यांनी कारखानदाराला बजावलं होतं, डोळे काकांच्याच हातचे पाहिजेत. कारखानदाराचा नाइलाज झाला. काका रोज जोह्याला एस.टी.ने जायचे आणि तसेच परत यायचे. "आज हात लागला नाय," म्हणायचे. एवढंच. मग एका दुपारी आले ते न बोलता झोपले. मी समजले, झालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. काका म्हणाले, "टेम्पोत घालायची नाय ती. हिसके बसतात. तुझ्या भुतात घालू." आवाज नाही, हादरा नाही, बाप्पाला हीच गाडी, असा त्यांचा एकाएकी साक्षात्कार. आम्ही जोह्याला गेलो. त्या दिवशी तिथल्या गल्लीतून माणूस आडवा जाईल तर शपथ. मूर्ती आणत होते, पाट आपटत होते, कोणी टेम्पोवाल्याला शिव्या घालत होतं. मी गाडी कडेला लावली. काका आत मूर्ती बांधून घेत असताना एक हातगाडी वळली आणि तिच्या लोखंडी कडेने डाव्या मागच्या दाराला हातभर ओरखडा ओढला.

काका बाहेर आले. ओरखड्यावरून बोट फिरवलं, आतून साचा तपासतात तसं. "माझ्यामुळं झालं," म्हणाले.

"असू द्या काका. बसा."

रोह्यापर्यंत मूर्ती त्यांच्या मांडीवर होती. तोंडावर रुमाल बांधलेला. नागोठण्याच्या पुढे खड्डे लागले तसे ते मूर्तीलाच समजावत होते, "जरा धर हां. पोरगी हळू चालवते." गिऱ्हाइकाच्या ओट्यावर रुमाल सोडला. घरातली म्हातारी बाई मूर्तीसमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. मी काकांच्या खांद्यावरून बघितलं. डोळे सरळ होते. केसाइतकाही फरक नव्हता. येताना काका खिडकीबाहेर बघत होते. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता, टॉवेल नव्हता त्यावर, आणि तो थरथरत होता.

मुदत संपत आली. विकत घेण्याचा विचार मी केला आणि सोडला. कंपनीच्या जवळ रोह्यालाच खोली बघितली, म्हणजे गाडीच लागणार नाही. गाडी परत द्यायची तारीख ठरली. तो ओरखडा नुकसानीत धरतात हे मला माहीत होतं, त्याचे पैसे मी मनात बाजूला काढले होते. काकांना हे सांगण्याची चूक मी केली. "दाराचं थोडं कापतील," मी म्हटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, किलोमीटर वाढू नयेत म्हणून गाडी घरीच ठेवून गेले होते; पहिली शिफ्ट करून पॅसेंजरने दुपारी आले. गाडी धुवून उभी केली होती. काका तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले होते, दारावर टेबलपंखा लावलेला.

"कुठं व्हता सांग," ते म्हणाले.

मी वाकले. उन्हात डोकं तिरकं करून बघितलं. बोट फिरवलं. ओरखडा नव्हता. खरंच नव्हता. मोतिया पांढरा, तोच झगझगीतपणा. गणपतीच्या मुकुटाला लावतात ती मोतिया भुकटी त्यांनी रंगात कालवली होती आणि रेघ बुजवून, घासून, परत भरून सगळं दार एक केलं होतं.

"काका, हे कशाला..."

"मूर्तीचं तुटलेलं बोट आम्ही असंच लावतो. दिसलं नाय म्हंजे तुटलंच नव्हतं." मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून दाखवलं. "असा धरून केलं. पण हलला नाय गो. एकदा पण हलला नाय."

त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला लिहिता येणार नाही. मी म्हटलं, "कमाल आहे काका." आणि वर जाऊन पाय पसरून बसले.

गाडी न्यायला पनवेलकडून एक माणूस आला. पन्नाशीचा, घामेजलेला, चेहऱ्यावर आपल्यासारखाच दिवसभराचा कंटाळा. काका ओट्यावर बसून बघत होते. त्याने फोटो काढले, टायर बघितले, किलोमीटर लिहून घेतले. मग खिशातून विजेरीएवढं एक यंत्र काढलं आणि गाडीच्या अंगाला ठिकठिकाणी टेकवत चालला. पुढचं दार, छत, मागचं दार. डाव्या मागच्या दाराशी थांबला. परत टेकवलं. परत.

"मॅडम," तो म्हणाला, "इथे रंगाची जाडी वेगळी लागते. बाहेरून काम केलंय."

"हळू बोला," मी म्हटलं.

"काय?"

"हळू बोला. काय होईल ते सांगा."

त्याने ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "नुसता ओरखडा असता तर थोडक्यात भागलं असतं. विनापरवाना रंगकाम म्हणजे अख्खं दार नव्याने रंगवण्याचा खर्च लावतात. आतला थरही बघतात. तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता. कोणी केलं ते लिहा."

"हरकत नाही घ्यायची."

"विचार करा. डिपॉझिटमधलं फारसं उरणार नाही."

"लिहा तुम्ही."

मी सही केली. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "काय गो? कुठं अडला?"

"टायर बघतायत काका."

"आणि दरवाजा?"

"दरवाजा पास."

काकांना एवढं पुरलं नाही. त्यांनी त्या माणसाला चहाला बोलावलं आणि कप हातात देऊन सरळ विचारलं, "साहेब, डाव्या मागच्या दरवाज्याला मशीन लावलं का नीट?"

त्याने चहाचा घोट घेतला. मी त्याच्याकडे बघत नव्हते, चार्जरच्या पेटीकडे बघत होते.

"लावलं की," तो म्हणाला. "एकदम कंपनीचा रंग आहे."

काका हसले. माझ्यासमोर ते तेवढं मोकळं पहिल्यांदाच हसले असतील. त्या माणसाने कप ठेवला, गाडीत बसला आणि गाडी नेहमीसारखी आवाज न करता आळीच्या वळणावरून गेली. मी त्याचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते. पण बोलायचं त्राण नव्हतं.

पुढे मी रोह्याला राहायला गेले. काकांची ती गोष्ट मात्र पेणभर झाली. दाढी करताना न्हाव्याला, एस.टी.त शेजाऱ्याला, जोह्याच्या त्याच कारखानदाराला त्याच्या कारखान्यात जाऊन त्यांनी सांगितलं म्हणे, "कंपनीच्या मशीनला माझा हात सापडला नाय. तुमच्या डोळ्याला कसा सापडला?" डोळे आखायचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही, पण ते मागायलाही गेले नाहीत.

लॅबमधल्या नव्या पोरी आता मला लीजचं विचारायला येतात. मी सगळं सांगते. किलोमीटर, टायर, चार्जर, नोकरी सोडली तर काय, परत देताना काय. ओरखडा पडला तर तसाच राहू द्या, हेही सांगते. का, ते सांगत नाही.

यंदा काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा मुलगी नाशिकहून आलेली होती. घर आवरत होती. सिलिंडर, मोटार, मीटरची फळी, सगळीकडे डोळे तसेच. ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, तुझ्या गाडीचं. मशीनला पण कळलं नाही म्हणे. खरं का गो?"

"खरं."

"मला वाटायचं, उगाच सांगतात."

"नाही. मी तिथेच होते."

तिने मान डोलावली. जिन्याखालून पुढे आलो. चार्जरची पेटी भिंतीत तशीच होती, धूळ बसलेली. तिने पदराने ती पुसली आणि जरा मागे सरून बघितलं.

"हे नाहीत बाबांचे," ती म्हणाली. "उजवा बघ, किती खाली आलाय. त्यांच्या हातून असं झालं नसतं."

मी पण बघितलं.

"ते मी काढले होते," मी म्हटलं. "गाडी आली तेव्हा. गंमत म्हणून."

"तरीच," ती म्हणाली.